शॉर्टकट व्हायरस: चार वेळा फॉरमॅट मारूनही परत येतोय, कुठून येतोय तेच कळेना

कोरलवाला

नमस्कार मंडळी. पोस्ट मोठी आहे पण कृपया पूर्ण वाचा, नाहीतर "फॉरमॅट मार" एवढंच उत्तर येईल आणि ते मी चार वेळा करून बसलोय.

सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे, फ्लेक्सपण करतो. दुकानात दोन कॉम्प्युटर. काउंटरच्या पीसीवर विंडोज ७, जुना स्कॅनर पुढच्या विंडोजवर चालत नाही म्हणून तेच ठेवलंय. त्यावर गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह लागतात, प्रिंटा निघतात, पोरांचे परीक्षेचे फॉर्म भरतो. आत डिझाइनचा पीसी, विंडोज १०, त्यावर कोरल, फोटोशॉप, लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, सगळं.

त्रास असा की पेनड्राइव्ह उघडला की फोल्डरच्या जागी फोल्डरसारखेच दिसणारे शॉर्टकट, डाव्या कोपऱ्यात छोटा बाण, साइज १ नाहीतर २ केबी. त्यावर डबल क्लिक केलं की आतलं फोल्डर उघडतंपण, त्यामुळे माणसाला आधी काही कळतच नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरला लावल्यावर, किंवा अँटीव्हायरसनं काहीतरी उडवल्यावर मग कळतं की फोल्डर गायब आहेत.

गेल्या महिन्यात एक मुलगी प्रोजेक्ट रिपोर्ट घेऊन आली, चार कॉपी, काळं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं. प्रिंटा दिल्या, ती गेली. संध्याकाळी रडत परत आली, पेनड्राइव्हमध्ये काहीच नाही, दुसऱ्या दिवशी सबमिशन आणि सरांना सॉफ्ट कॉपी द्यायची होती. "काका, सकाळी सगळं होतं हो यात." तिच्या वडिलांना मी ओळखतो, पोरीनं सहा महिने घालवलेत त्या रिपोर्टवर. माझ्या दुकानात येऊन तिचं काम गेलं हे मनाला फार लागलं. त्या दिवसापासून झोप नीट नाही.

दोन्ही पीसी फॉरमॅट केले, विंडोज नवीन टाकलं, पेनड्राइव्ह फॉरमॅट केले. आठ दहा दिवस बरं, परत तेच. गावातला एक जण म्हणतो हार्डडिस्कच बदला. पैसे घालायची तयारी आहे पण त्यानं जाईल का ते सांगा.

पेंग्विन

दादा, विंडोज काढा आणि लिनक्स टाका, विषय संपला.

कोरलवाला

कोरल कसं चालवू त्यावर? आणि फॉर्म भरताना थंबचं मशीन लागतं कधी कधी, त्याचा ड्रायव्हर? माझं पोट या दोन पीसीवर आहे भावा.

आज्ञावली

दादा, आधी त्या मुलीचं. तिनं तो पेनड्राइव्ह अजून फॉरमॅट केला नसेल तर तिला लगेच निरोप द्या, तिचा रिपोर्ट बहुतेक जागेवरच आहे. हा व्हायरस फाइली उडवत नाही, लपवतो. मूळ फोल्डरला हिडन आणि सिस्टीम असे दोन्ही शिक्के मारतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट पुढे करतो. नुसतं "हिडन फाइल्स दाखवा" केलं तरी दिसत नाहीत ते सिस्टीमच्या शिक्क्यामुळे. खात्री करायची असेल तर ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये किती जागा भरली आहे बघा. आत फक्त चार शॉर्टकट दिसतायत आणि ३ जीबी भरलंय म्हणतोय, म्हणजे माल आत आहे.

सगळ्यात सोपं म्हणजे ओटीजी पिन लावून पेनड्राइव्ह अँड्रॉइड मोबाइलला जोडा. मोबाइल विंडोजचे हे शिक्के मानत नाही, त्याला सगळी फोल्डर सरळ दिसतात. आणि विंडोजसाठी लिहिलेली व्हायरसची स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची छोटी फाइल, तिथं चालतही नाही, म्हणून मोबाइलला धोका नाही. तिथून रिपोर्ट मोबाइलमध्ये कॉपी करून घ्या.

पीसीवरून करायचं असेल तर कमांड प्रॉम्प्ट उघडून ही कमांड, मी देवनागरीत लिहितेय, टाइप मात्र इंग्रजी अक्षरांत करायची, आणि जी च्या जागी तुमच्या ड्राइव्हचं अक्षर:

अ‍ॅट्रिब -एच -आर -एस /एस /डी जी:\*.*

एच (हिडन) आणि एस (सिस्टीम) दोन्ही एकत्र काढायचे. एकटा एच काढायला गेलात तर सिस्टीम फाइल आहे म्हणून ती नाही म्हणते. पण ही कमांड स्वच्छ पीसीवरच द्या, का ते पुढे लिहिते, आत्ता मीटिंग आहे.

कोरलवाला

ताई, मिळाला!! रिपोर्ट मिळाला. मुलीला फोन केला, तिनं फॉरमॅट केला नव्हता, घाबरून तसाच कपाटात ठेवला होता. माझ्याच मोबाइलला लावला, "फायनल रिपोर्ट" नावाचं फोल्डर समोर. सरांनी तिला मुदत वाढवून दिली होती ती परवा संपत होती. तुमचे किती आभार मानू.

शाळामास्तर

कोरलवाला, आमच्या शाळेतपण हाच. आम्हाला माहिती भरून पेनड्राइव्हवर द्यावी लागायची, वीस शाळांचे पेनड्राइव्ह एकाच पीसीला, तिथून येताना प्रत्येकजण घेऊन यायचा. मी फॉरमॅट करून करून थकलो. ताईंनी "का ते पुढे लिहिते" म्हटलंय त्याची वाट बघतोय.

आज्ञावली

आले. शॉर्टकटवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि "टार्गेट" ची ओळ नीट वाचा. खऱ्या शॉर्टकटमध्ये नुसता फोल्डरचा पत्ता असतो. यात काय असतं, तर आधी सीएमडी म्हणजे कमांड प्रॉम्प्ट, मग डब्ल्यूस्क्रिप्टला, म्हणजे विंडोजच्या स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामला, सांगितलेलं असतं की पेनड्राइव्हवर लपवलेली अमुक व्हीबीएस फाइल, म्हणजे व्हायरसची स्क्रिप्ट, चालव, आणि शेवटी एक्सप्लोररला की आता फोल्डर उघडून दाखव. म्हणजे एका क्लिकमध्ये दोन कामं. तुमच्यासमोर फोल्डर उघडलं म्हणून तुम्ही निर्धास्त, मागे स्क्रिप्ट सुरू.

ती स्क्रिप्ट पीसीवर स्वतःची कॉपी करते, बहुतेक अ‍ॅपडेटा किंवा टेम्पमध्ये, स्टार्टअपमध्ये नाव घालते आणि मग बसून राहते. दर थोड्या सेकंदांनी बघते, नवीन ड्राइव्ह लागला का? लागला की तिथं कॉपी, फोल्डरना शिक्के, शॉर्टकट तयार. म्हणून लागलेल्या पीसीवर पेनड्राइव्ह फॉरमॅट करण्याला काही अर्थ नाही. फॉरमॅट संपून तुम्ही तो काढेपर्यंत परत आत गेलेला असतो. आणि हार्डडिस्क बदलून काही होणार नाही, पैसे घालवू नका.

शाळामास्तर सर, लहानपणी घरात खरूज आली की आजी काय करायची? एकट्या पोराला मलम लावून भागायचं नाही. घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी औषध, चादरी-कपडे उकळत्या पाण्यात. एक जण सुटला की पंधरा दिवसांनी परत सगळं घर खाजवतंय. हे तसंच आहे. कोरलवाला दादा पीसी नीट साफ करतायत, पण कुणीतरी एक सुटतोय. दादा, पेनड्राइव्ह अजून कुठं कुठं लागतात? घरचा लॅपटॉप, भाच्याचा पीसी, गाडीतला टेप, काहीही, सगळं सांगा.

कोरलवाला

घरी लॅपटॉप नाही. दुकानात हे दोनच. तसा मागच्या खोलीत फ्लेक्स मशीनला जोडलेला एक आहे पण तो कॉम्प्युटर म्हणून वापरत नाही, त्याला नेटच नाही, त्यामुळे त्यात व्हायरस यायचा प्रश्न नाही. डिझाइनची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन तिथं टाकतो आणि प्रिंट लावतो एवढंच.

फोटोवाली

अहो दादा!! तोच.

आमच्या स्टुडिओत असंच होतं. अल्बमच्या प्रिंटरचा पीसी, नेट नाही म्हणून सगळे म्हणायचे सुरक्षित. उलट आहे हो. नेट नाही म्हणून अँटीव्हायरसला अपडेट नाही, विंडोजला अपडेट नाही, आणि दिवसातून वीस वेळा पेनड्राइव्ह लागतोय. आमचं तर लग्नाच्या मेमरी कार्डात गेलं होतं, हळदीचं अख्खं फोल्डर दिसेना, नवरीच्या भावाला काय सांगायचं म्हणून मी घामाघूम. नंतर मिळालं असंच हिडन काढून. तेव्हापासून एसडी कार्डाच्या कडेला जो लॉकचा छोटा खटका असतो तो खाली केल्याशिवाय कार्ड पीसीला लावत नाही, लॉक असलं की बहुतेक रीडर त्यावर काही लिहीत नाहीत. पेनड्राइव्हला तसा खटका फार थोड्यांनाच असतो.

जुना_सायबरवाला

फोटोवाली ताईंना शंभर टक्के अनुमोदन. मी २००५ पासून सायबर कॅफे चालवला, आता बंद केलाय, पण हे पेनड्राइव्हचे किडे जवळून बघितलेत.

"नेट नाही म्हणजे सुरक्षित" म्हणणाऱ्यांनी इराणचं नतान्झ आठवावं. तिथल्या युरेनियमच्या कारखान्यातल्या यंत्रणेला बाहेरचं नेट नव्हतंच, तरी स्टक्सनेट नावाचा किडा आत पोचला. २०१० मध्ये तो उघडकीला आला तेव्हा कळलं की पेनड्राइव्ह हा त्याचा मुख्य रस्ता होता, आणि शॉर्टकट फाइलचं चिन्ह नुसतं स्क्रीनवर दिसलं तरी तो चालायचा, क्लिकचीपण गरज नाही. मायक्रोसॉफ्टनं ते भोक ऑगस्ट २०१० मध्ये बुजवलं. त्याच्या आधी २००८ मध्ये अमेरिकेच्या लष्करातपण असाच एक किडा पेनड्राइव्हवरून शिरला होता, शेवटी त्यांनी काही काळ पेनड्राइव्ह वापरायलाच बंदी घातली.

आपल्याकडं २००७ च्या आसपास एक आला होता तो कॅफेवाल्या कुणालाच विसरता येणार नाही. पोरं ऑर्कुट, तेव्हाचं फेसबुकसारखं, उघडायची की खिडकी बंद, आणि वर मेसेज की ऑर्कुटवर बंदी आहे, मूर्खा. फायरफॉक्स उघडू द्यायचा नाही, यूट्यूब नाही. पोरं माझ्याशी भांडायची की तुम्हीच ब्लॉक केलंय आणि पैसे मागायची परत. तोही पेनड्राइव्हवरूनच फिरायचा, सी ड्राइव्हमध्ये हीप४१ए नावाचं लपलेलं फोल्डर करून बसायचा. मग न्यू फोल्डर नावाची ईएक्सई, फोल्डरचंच चित्र लावलेली. तेव्हापासून सवय, नवीन पीसी आला की पहिलं काम म्हणजे फाइलचं एक्स्टेन्शन दाखवायचं सेटिंग चालू करायचं.

त्या काळात ऑटोरन, म्हणजे ड्राइव्हवरचा प्रोग्राम आपोआप सुरू करायची विंडोजची सोय, त्यामुळे पेनड्राइव्ह नुसता उघडला तरी किडा चालायचा. विंडोज ७ मध्ये मायक्रोसॉफ्टनं पेनड्राइव्हसाठी ते बंद केलं आणि फेब्रुवारी २०११ मध्ये एक्सपी-व्हिस्टाला अपडेट देऊन तिथंही बंद केलं. मग या किडे लिहिणाऱ्यांनी शॉर्टकटचा रस्ता धरला, म्हणजे आता क्लिक आपणच करतो. हे सांगायचं कारण म्हणजे अजून कित्येक जण पेनड्राइव्हवर ऑटोरन डॉट आयएनएफ नावाचं रिकामं फोल्डर करून ठेवतात आणि लस टोचली म्हणतात. ती लस जुन्या रोगावरची होती, शॉर्टकटवाल्याला तिचा काही फरक पडत नाही.

कोरलवाला

मी आत्ता मागच्या खोलीत जाऊन बघून आलो. एक्सपी आहे त्यात. टास्क मॅनेजर उघडला, डब्ल्यूस्क्रिप्ट डॉट ईएक्सई चालू दिसतोय. तीन वेळा दिसतोय. हात पाय गळाले माझे.

एवढे दिवस दोन पीसी धूत बसलो आणि हा मागं.

आज्ञावली

दादा, सापडला हे चांगलंच झालं. फक्त आता घाई करून एकेक करू नका.

आधी खात्री करायची एक रीत सांगते. एक जुना ४ किंवा ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, मोबाइलवर फॉरमॅट करा, त्यात दोन रिकामी फोल्डर करा. हा तुमचा तपासणीचा पेनड्राइव्ह. एका पीसीला लावा, काही न उघडता दोन मिनिटं थांबा, काढा, परत मोबाइलवर बघा. दोन फोल्डरशिवाय काही दिसलं, एलएनके (शॉर्टकट), व्हीबीएस किंवा जेएस (स्क्रिप्ट), नाव नसलेलं फोल्डर, तर तो पीसी लागलेला आहे. पुढच्या पीसीला लावायच्या आधी परत मोबाइलवर फॉरमॅट. विंडोज स्वतः "सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशन" नावाचं एक फोल्डर करतं, त्याला घाबरू नका.

मग दुकान बंद असेल तो दिवस धरा आणि तिन्ही पीसी त्याच दिवशी. दुकानातला प्रत्येक पेनड्राइव्ह टेबलावर जमा, कामाच्या पोराच्या खिशातलासुद्धा. विंडोज १० वर डिफेंडरचं, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसचं, ऑफलाइन स्कॅन लावा, ते विंडोज सुरू व्हायच्या आधी चालतं म्हणून किड्याला लपायला जागा राहत नाही. पेनड्राइव्हचं स्कॅन वेगळं करा, ड्राइव्हवर राइट क्लिक करून. पीसीचं फुल स्कॅन केलं की पेनड्राइव्हपण झाला असं धरून चालू नका.

आणि एक विचारते, रागावू नका, डिझाइनच्या पीसीवर डिफेंडर चालू आहे का?

कोरलवाला

नाही ताई. ज्यानं सॉफ्टवेअर टाकून दिली त्यानं टाकताना बंद केला होता, म्हणाला चालू ठेवलं तर चालणार नाही. चारही वेळा त्यालाच बोलावलं, चारही वेळा त्यानं तसंच केलं. त्याच्याच हार्डडिस्कमधून सेटअप टाकतो.

आज्ञावली

ती सेटअपची हार्डडिस्क परत लावू देऊ नका. सॅलिटी, रॅम्निट असले व्हायरस ईएक्सई फाइलींच्या आतच शिरतात. फॉरमॅट करून नवीन विंडोज टाकलं आणि त्याच सेटअपमधून सॉफ्टवेअर टाकली की पहिल्या दिवशी रोग परत. पैसे लागले तरी चालतील पण सॉफ्टवेअर कंपनीच्या साइटवरूनच घ्या, आणि अँटीव्हायरस तर क्रॅक केलेला कधीच नको.

मी एवढं लावून धरतेय त्याचं कारण नुसती लपलेली फोल्डर नाहीत. या व्हीबीएसवाल्या किड्यांतले काही बाहेर बसलेल्या माणसाला पीसीचा ताबा देतात, पासवर्ड चोरतात. काहींचे नवीन प्रकार पीसीला गुपचूप कॉइन मायनिंगला, म्हणजे दुसऱ्यासाठी डिजिटल नाणी कमवायला, जुंपतात, पंखा घरघरत राहतो आणि बिल तुमचं. तुमच्या काउंटरच्या पीसीवर गावाची आधार कार्डं आहेत, पॅन आहेत, बँकेची पासबुकं स्कॅन केलेली आहेत, पोरांचे फॉर्मचे पासवर्ड आहेत. लोकांनी विश्वासानं दिलंय ते. स्कॅन करून झालं की त्या फाइली रोज संध्याकाळी काढून टाकत जा.

पेंग्विन

आधी मी एका ओळीत उत्तर दिलं त्याबद्दल सॉरी दादा. सगळीकडे लिनक्स नको, पण एका जागी फार उपयोगी पडेल. कुठला तरी जुना पीसी असेल, २ जीबी रॅमवाला चालेल, त्यावर हलकं लिनक्स टाका आणि गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह फक्त त्यालाच लावा. पीडीएफ तिथून सरळ प्रिंटरला. बाकी काही हवं असेल तर फक्त ती फाइल नेटवर्कवरून आत. मशीनच्या पीसीलापण डिझाइनच्या पीसीतून लॅन केबल टाका, दोघांमध्येच, नेट नको. पेनड्राइव्हची ये-जा बंद. केबलला शंभर दीडशे रुपये लागतील. पण आधी दोन्ही साफ, मग केबल, उलट नको, काही किडे नेटवर्कवरूनपण जातात.

शाळामास्तर

एक भर घालतो. सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र आहे, सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेचं, फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झालं, त्यांच्या साइटवर फुकट क्लीनिंग टूल मिळतात. तिथंच सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेचं यूएसबी प्रतिरोध नावाचं सॉफ्टवेअर आहे, कुठला पेनड्राइव्ह चालेल आणि कुठला नाही हे ठरवता येतं. शाळेच्या पीसीवर टाकलंय मी. पोरांना आधी राग आला, आता सवय झाली.

कोरलवाला

मंडळी, अपडेट. गुरुवारी आमच्याकडं बाजारपेठ बंद असते, सकाळी सातला सुरू केलं, रात्री साडेदहा वाजले.

ताईंनी सांगितल्याप्रमाणे तपासणीचा पेनड्राइव्ह फिरवला. काउंटर, लागलेला. डिझाइन, लागलेला. मशीनचा, मोजून वीस सेकंदांत शॉर्टकट तयार. पेनड्राइव्ह अकरा निघाले, त्यातले नऊ लागलेले. दोन्ही पीसीवर विंडोज नवीन टाकलं, डिफेंडर चालू ठेवला आणि त्या माणसाला बोलावलं नाही, भाचा पुण्याहून फोनवर सांगत होता आणि मी करत होतो. काउंटरलापण आता विंडोज १०, स्कॅनर नवीन घेतला, उधारीवर. मशीनच्या पीसीचं अवघड होतं, त्याचं रिप सॉफ्टवेअर, जे डिझाइन मशीनला छापता येईल असं करून देतं, ते डोंगलवर, म्हणजे लायसनच्या यूएसबी किल्लीवर चालतं आणि परत टाकायला माणूस मुंबईहून येतो. म्हणून भाच्यानं तिथलं स्टार्टअप साफ केलं, व्हीबीएस फाइली काढल्या, विंडोज स्क्रिप्ट होस्ट रजिस्ट्रीतून बंद केलं, म्हणजे व्हीबीएस आली तरी चालणारच नाही. परत पेनड्राइव्ह लावून अर्धा तास ठेवला, स्वच्छ. मग केबल टाकली.

दहा पंधरा पक्क्या गिऱ्हाइकांना स्वतः फोन केले की माझ्या दुकानातून तुमच्याकडं गेलेला असू शकतो, पेनड्राइव्ह घेऊन या, फुकट साफ करून देतो. दोघं चिडले. बाकीचे घेऊन आले.

फोटोवाली

फोन केलेत हे फार मोठं काम केलंत दादा. आम्ही नव्हतं केलं तेव्हा, लाज वाटली होती सांगायला.

कोरलवाला

आज तीन आठवडे झाले, रोज सकाळी शटर उघडलं की आधी तपासणीचा पेनड्राइव्ह तिन्ही पीसीला फिरवतो, अजून स्वच्छ आहे. काउंटरला जुना पीसी लिनक्सचा लावलाय, पेंग्विन भाऊ, प्रिंटर एका झटक्यात ओळखला त्यानं.

काल दुपारी एका क्लासच्या पोराचा पेनड्राइव्ह आला, लिनक्सवर उघडला तर फोल्डरच्या बाजूला तेच शॉर्टकट. त्याला आत बोलावून स्क्रीनवर दाखवलं, ही बघ तुझी खरी फोल्डर, आणि ही बघ खोटी. शॉर्टकट आणि व्हीबीएस काढून दिली. तो म्हणाला क्लासमध्ये तीस पीसी आहेत आणि सगळ्यांचे पेनड्राइव्ह असेच आहेत, सर म्हणतात फॉरमॅट मारा. मी या धाग्याची लिंक त्याच्या मोबाइलवर पाठवली आणि सांगितलं सरांना दे, रविवारी मी स्वतः येतो म्हणावं. ताई, तीस पीसी एका दिवसात करायचे तर सुरुवात कुठून करू ते तेवढं सांगा.

आज्ञावली

आधी प्रत्येकाची नेटवर्क केबल काढून ठेवा, आणि शिकवणाऱ्या सरांच्या पीसीपासून सुरुवात करा. नोट्स सगळ्यांना तिथूनच जातात. दोन मुलं मोबाइल आणि ओटीजी घेऊन तपासणीला बसवा, साफ झालेल्या पीसीवर खडूनं खूण करा. रविवारी सकाळपासून मी ऑनलाइन आहे, अडलं की इथंच लिहा.